टीबीचं औषध फुकट मिळतं, तरी ते मध्येच का सुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सांवेर रोडच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये तुमचं लहानसं मंडळ काम करतं. तिथे झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबं राहतात. टीबीची औषधं सरकारकडून फुकट मिळतात, तरी दोन-अडीच महिन्यांत बरेच जण ती सोडतात. तुम्ही पत्रकं वाटली, पथनाट्य केलं, फरक पडला नाही. म्हणून ‘अंधश्रद्धा आणि निष्काळजीपणा घालवायला आणखी काय करावं’ असं विचारलं आहे.

आधी प्रश्नाची जागा थोडी बदलते. ‘माणसं औषध का सोडतात’ असं विचारलं की उत्तर त्यांच्या डोक्यात शोधलं जातं: समज कमी, श्रद्धा चुकीची, शिस्त नाही. त्याऐवजी असं विचारा: खोकला सुरू झाल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंतची वाट नेमकी कुठे तुटते, आणि त्या ठिकाणी त्या घराला काय किंमत मोजावी लागते? मग करण्याजोगी कामं दिसायला लागतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. साधा टीबी आणि औषधाला न जुमानणारा टीबी यांत औषधं आणि त्रास वेगळे असतात. मी इथे मुख्यतः साध्या टीबीबद्दल लिहितेय. इंदूरमध्येच वर्षानुवर्षं राहणारं कुटुंब आणि पेरणीला गावी परतणारं कुटुंब यांच्या अडचणी सारख्या नाहीत. पुरुषांचं औषध मजुरीमुळे सुटतं, बायकांचं बऱ्याचदा घरच्यांपासून आजार लपवण्यामुळे. त्यामुळे खालचं सगळं तुमच्या वस्तीला जसंच्या तसं लागू होईल असं धरू नका, पडताळून घ्या.

आता ‘अज्ञाना’बद्दल. हा आरोप जुना आहे आणि तो तपासूनही फार वर्षं झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, त्याच सुमारास बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतून देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत टीबी असलेल्या लोकांना गाठून विचारपूस केली. ते निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांना आपली लक्षणं ठाऊक होती, त्यांतल्या पुष्कळांना काळजीही वाटत होती, आणि निम्म्याच्या आसपास लोक आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून ते खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. म्हणजे माणूस दारापर्यंत पोचला होता, दाराच्या आत त्याचा आजार ओळखला गेला नाही. साठ वर्षांनंतरही आपल्याकडच्या वस्त्यांत हेच चित्र दिसतं, फक्त बाटलीच्या जागी सलाइन आणि इंजेक्शन आलं आहे.

दुसरा दाखला हैतीचा. पॉल फार्मर हे डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैतीच्या मध्य पठारावरच्या टीबी रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. औषध दोन्ही गटांना फुकट होतं. एका गटाला त्याशिवाय दरमहा रोख मदत, पोषक आहार आणि गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांच्या घरभेटी मिळाल्या. त्या गटातले सगळे बरे झाले, दुसऱ्या गटातले जेमतेम ५७ टक्के. तुमच्या प्रश्नासाठी त्यातली याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. टीबी कुणाच्या करणीने होऊ शकतो, असं दोन्ही गटांतल्या बहुतेकांना वाटत होतं, पण या समजुतीचा औषध पुरं करण्याशी संबंध दिसला नाही. करणी मानणारेही पैसे, अन्न आणि सोबत मिळाल्यावर शेवटच्या गोळीपर्यंत गेले.

म्हणून तुमच्या वस्तीतलं कुणी आधी बडव्याकडे, म्हणजे भिलांच्या पुजारी-वैदूकडे, जाऊन आलं असेल तर त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. बडव्याकडे जाणं आणि गोळ्या घेणं ही दोन कामं एका घरात शेजारी शेजारी चालतात. ‘हा आजार माझ्याच घरात का आला’ याचं उत्तर बडवा देतो, खोकला थांबवायचं काम गोळी करते. कुणी तिकडे जाण्यावरून टाकून बोललं की माणूस बडव्याला सोडत नाही, तुम्हाला सांगायचं सोडतो. बडव्याशीच बोलून ठेवणं जास्त उपयोगाचं आहे: दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, थुंकीत रक्त, यातलं काही दिसलं तर पूजा करा आणि थुंकीच्या तपासणीलाही पाठवा.

आता वाट टप्प्याटप्प्याने पाहू. ती पहिल्यांदा तुटते निदानाच्या आधीच. मजुराला खोकला आला की तो वस्तीतल्या खासगी दवाखान्यात जातो, कारण तो संध्याकाळी उघडा असतो, उधारीवर चालतो आणि डॉक्टर नावाने हाक मारतो. सरकारी ओपीडी सकाळी असते. मजूर चौकात ठेकेदार माणसं उचलतो तीही सकाळीच. म्हणजे दोन तासांच्या कामासाठी ओपीडीत गेलं तरी पूर्ण दिवसाची मजुरी जाते. हे साधं वेळापत्रक कुठल्याही पत्रकाने बदलत नाही.

त्या खासगी दवाखान्यात काय दिलं जातं हेही बघा. खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलं तर टीबीची लक्षणं काही दिवस दबतात, थुंकीतले जंतू कमी दिसतात आणि निदान आणखी लांबतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने भूक लागते, बरं वाटतं, आणि आतून आजार वाढतो. रक्त तपासून टीबी सांगणाऱ्या अँटिबॉडी चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे, कुणी त्या करायला सांगितल्या तर पैसे घालवू नका. त्याच २०१२ मध्ये टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं. नोंद कळवल्यावर ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० अशी तरतूदही आहे. वस्तीतल्या दोन-तीन डॉक्टरांशी भांडण न करता बसून बोला. ‘पेशंट तुमचाच राहू द्या, फक्त थुंकी तपासायला पाठवा’ एवढंच मागणं ठेवा. पेशंट तुटण्याची भीती गेली की बरेच जण तयार होतात.

थुंकीचा नमुना हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. माणूस डबीत लाळ देतो, तपासणी निगेटिव्ह येते आणि सगळ्यांचा विश्वास उडतो. नमुना कसा द्यायचा हे कुणीतरी समोर उभं राहून शिकवायला हवं. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन थोडा धरून सोडायचा. मग छातीतून जोर लावून खोकायचं आणि घट्ट, चिकट बेडका डबीत टाकायचा. साधारण २ ते ५ मिलिलीटर पुरतो. नमुने दोन लागतात, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्याचा असावा. हे उघड्यावर, इतरांपासून दूर करायचं, बंद खोलीत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवर तपासणी झाली तर टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का, ही दोन्ही उत्तरं मशीनवर चढवल्यापासून काही तासांत मिळतात. इंदूरला जिल्हा क्षय केंद्र आणि मनोरमा राजे टीबी रुग्णालय आहे. जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमधून नमुना पुढे जाण्याची सोय आहे का हे आधी विचारून ठेवा, म्हणजे माणसाला शहरभर फिरावं लागणार नाही.

इथे एक हिशेब मांडते. तो तुम्ही तुमच्या वस्तीच्या आकड्यांनी पुन्हा करा. रोजची मजुरी ५०० रुपये धरा. पहिल्या दिवशी ओपीडी आणि चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना. तिसऱ्या दिवशी निकाल, आणि त्यासोबत एचआयव्ही व साखरेची तपासणी. चौथ्या दिवशी नोंद होऊन औषध सुरू. चार दिवसांची मजुरी २००० रुपये, सोबत बायको आली तर तिचीही तेवढीच, वर मॅजिक व्हॅन आणि ई-रिक्षाचं भाडं आणि बाहेरचा चहा-नाश्ता. त्याआधी खासगीत सलाइन, एक्स-रे, औषधं यांत गेलेले पैसे वेगळेच. पहिली फुकट गोळी तोंडात पडेपर्यंत घरावर कर्ज झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना टीबीपायी होणारा एकूण खर्च वर्षाच्या घरगुती उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेला की त्याला घर उद्ध्वस्त करणारा खर्च मानते, आणि बुडालेली मजुरी त्यात धरली जाते. चार फेऱ्यांच्या दोन करून देणं हे तुमच्या मंडळाच्या आवाक्यातलं काम आहे. नमुना तुम्ही पोचवायचा, निकाल फोनवर कळवायचा, एचआयव्ही आणि साखर औषध सुरू होण्याच्या दिवशीच तपासून घ्यायची.

औषध सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे फार नाजूक असतात. प्रौढांच्या औषधाचं गणित वजनावर चालतं. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. ३५ ते ४९ किलो वजनाला रोज ३ गोळ्या, ५० ते ६४ किलोला ४. वजन वाढून पुढच्या गटात गेलं की गोळी वाढू शकते. हे आधी सांगितलं नसेल तर ‘गोळ्या वाढवल्या म्हणजे आजार वाढला’ असा अर्थ घरात काढला जातो. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते, माणसाला वाटतं रक्त जातंय. तेही पहिल्याच दिवशी सांगायचं. मळमळ होत असेल तर थोडं खाऊन गोळ्या घेतलेल्या चालतात. उपाशीपोटी घ्यायचा हट्ट धरून औषधच सुटण्यापेक्षा ते बरं. पायांना मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ ची गोळी, मिळते का ते विचारा. सांधे दुखले तर कळवा.

पण तीन गोष्टी दिसल्या तर वाट बघत बसायचं नाही: डोळे किंवा लघवी गडद पिवळी होऊन सतत उलट्या होणं, नजर धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग ओळखू न येणं, आणि अंगभर पुरळ. अशा वेळी त्या दिवशीच्या गोळ्या न घेता लगेच डॉक्टरकडे जायचं. रोज दारू पिणाऱ्याला काविळीचा धोका जास्त असतो. त्याला उपदेश करण्यापेक्षा किती आणि कधी पितो हे खरं सांगता येईल अशी जागा द्या, म्हणजे डॉक्टर यकृताची तपासणी सांगतील. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला हेही सांगायला हवं की रिफॅम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ही माहिती बऱ्याचदा कुणी देतच नाही.

मग येतो दुसरा महिना, जिथे तुमची माणसं गळतात. यामागचं कारण अगदी सरळ आहे. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, अंगात थोडी ताकद आलेली असते, आणि मागचं कर्ज फेडायचं असतं. बरं वाटणाऱ्या माणसाने कामावर जाणं यात निष्काळजीपणा काहीच नाही. त्याला ठाऊक नसतं ते एवढंच की पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढणारे जंतू मरतात आणि मंद, दडून बसलेले जंतू मारायला पुढचे चार महिने लागतात. हे सांगण्याची वेळ सहाव्या-सातव्या आठवड्यात असते. पहिल्या दिवशी सांगितलेलं तोवर विसरलेलं असतं. त्याच सुमारास औषध मिळण्याची वेळ आणि जागा त्याच्या कामाशी जुळवून द्या. गोळ्या संध्याकाळी, वस्तीतल्याच कुणाकडून मिळाल्या तर काम आणि औषध दोन्ही चालतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही, नेहमीचीच घ्यायची आणि कळवायचं. महिनाभर किंवा त्याहून मोठा खंड पडला तर जुनी पाकिटं स्वतःहून पुन्हा सुरू करू नयेत. थुंकी परत तपासून, जंतू औषधाला दाद देतात का ते बघूनच पुढे जायचं.

आणि दर वेळी दोष माणसाचाच असतो असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला अनेक राज्यांत या औषधांचा तुटवडा होता. केंद्रावर गोळ्याच नव्हत्या म्हणून परत गेलेला माणूस कागदावर ‘औषध सोडणारा’ दिसतो. तुमच्या नोंदवहीत यासाठी वेगळा रकाना ठेवा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर गळती चार ठिकाणी आहे: चुकीच्या दारात गेलेला वेळ, निदानातल्या फेऱ्या, सुरुवातीचा न समजावलेला त्रास आणि बरं वाटल्यावर कामावर परतण्याची गरज. पाचवी जागा तुमच्या वस्तीपुरती खास आहे: गावी जाणं.

झाबुआ-अलीराजपूरच्या कुटुंबाचं वर्ष इंदूरच्या कॅलेंडरवर चालत नाही. जूनमध्ये पेरणीला जावंच लागतं, दिवाळीला जातात, आणि होळीआधीच्या भगोरिया जत्रेच्या आठवड्यात तर वस्ती निम्मी रिकामी होते. उपचार सहा महिन्यांचा म्हणजे यातला किमान एक प्रवास मध्ये येणारच. म्हणून औषध सुरू होतानाच विचारा, ‘गावी कधी जाणार?’ आणि ती तारीख कार्डावर लिहा. जाण्याच्या आठवडाभर आधी प्रवासापुरत्या गोळ्या मागून घ्या, आणि निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद गावाजवळच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करून घ्या. निक्षय आयडी हा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे असू द्या, फोन पाण्यात पडतात आणि सिम बदलतात. गावाकडच्या आशाताईंचा नंबर आधीच मिळवला तर माणूस पोचायच्या आत तिला खबर असते. कुठे अडलं तर निक्षय संपर्कचा १८००-११-६६६६ हा क्रमांक फुकट आहे.

पैशांबद्दल थोडं नीट सांगते, कारण इथे लहान चुकांमुळे मोठं नुकसान होतं. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून आहे. तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. सहा महिन्यांच्या उपचाराला ३००० चे दोन हप्ते असतात, पहिला निदानानंतर आणि दुसरा ८४ दिवसांचा उपचार झाल्यावर. अधिसूचित आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी एकदा ७५० रुपयांची तरतूद आहे. इंदूरमध्ये नोंद झालेल्या माणसाला ती लागू होते का, हे केंद्रावर विचारा. पैसे अडकण्याची कारणं जवळपास ठरलेली असतात: खातं आधारशी जोडलेलं नाही, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव वेगळं, खातं बरेच दिवस न वापरल्याने बंद पडलंय, किंवा बायकोच्या नावाने खातंच नाही. हे पहिल्या आठवड्यात तपासलं तर महिनाभरात सुटतं. चौथ्या महिन्यात कळलं तर पैसे उपचार संपल्यावर येतात, आणि तोवर अन्न लागायचं ते लागून गेलेलं असतं.

अन्नाबद्दल मी आग्रहाने लिहितेय. मद्रासच्या १९५९ च्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवलं की घरी राहून, बेताच्या जेवणावरसुद्धा औषधाने सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या निवासी रुग्णालयात, राहण्याइतकंच बरं होता येतं. त्यामुळे गरिबांवर घरीच उपचार करायची वाट उघडली, पण पुढे कित्येक दशकं जेवण दुय्यम मानलं गेलं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेल्या अभ्यासाने त्याला उत्तर दिलं. रुग्णाच्या घरातल्या इतरांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि १.५ किलो डाळ दिली, तर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फुफ्फुसाच्या, म्हणजे पसरणाऱ्या टीबीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलं तर मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून मंडळाने पत्रकांचा खर्च वाचवून एक वजनकाटा घ्यावा आणि दर पंधरवड्याला वजन लिहावं. ४२ किलोच्या माणसाला दोन महिन्यांत दोन किलोंच्या थोडं वर जायला हवं. तसं होत नसेल तर गोळी पोचतेय का, जेवण मिळतंय का, साखर वाढलेली आहे का, हे तिन्ही बघा.

अन्नाची पिशवी द्यायची असेल तर घरभराची द्या. एकट्या रुग्णासाठी दिलेली डाळ त्या घरात पोरांच्याच ताटात जाणार, आणि ते बरोबरच आहे. भाजलेले चणे, शेंगदाणे, तूर किंवा मसूर, तेल आणि चालत असेल तिथे अंडी एवढं पुरतं. निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवलं तर ही मदत अधिकृतपणे करता येते. रेशन कार्ड गावचं असलं तरी देशभर चालणाऱ्या रेशनच्या सोयीमुळे धान्य इंदूरच्या दुकानातून मिळू शकतं. अंगठा जुळत नसेल तर घरातल्या दुसऱ्या सदस्याचा चालतो का ते विचारा. आणि पिशवी देताना फोटो काढू नका. एका फोटोने अख्ख्या वस्तीला कळतं की कुणाच्या घरात टीबी आहे.

यावरूनच बायकांच्या अडचणीकडे येते. लग्न न झालेल्या मुलीला टीबी झाला की घर ते लपवतं, सासुरवाशिणीला झाला की तिला माहेरी धाडतात आणि औषधाचा खर्च, प्रवास, बोलणी सगळं माहेरावर पडतं. आपल्या मराठी घरांतही हे घडतं, रामबागेत आणि सुदामानगरातही, फक्त तिथे दारं जास्त घट्ट लावलेली असतात. त्यामुळे गोळ्या कुणाकडून घ्यायच्या हे बाईने ठरवावं. शेजारीण नको असेल तर दुसऱ्या गल्लीतली कुणी, किंवा अंगणवाडी. दारासमोर गाडी लावून, ओळखपत्र गळ्यात घालून घरभेट देऊ नका. घरच्यांना इतकं सांगा: योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते, ताट-वाटी वेगळी करायची गरज नसते कारण हा आजार हवेतून पसरतो, आणि खिडकी उघडी ठेवणं जास्त उपयोगाचं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आधी त्याची टीबीसाठी तपासणी आणि टीबी नसेल तर प्रतिबंधक औषध. मोठ्यांनाही ते मिळतं, रोज सहा महिने किंवा आठवड्यातून एकदा असे १२ डोस.

तुम्ही पथनाट्य केलंत त्यात काय होतं मला माहीत नाही. पण खोकणारा, खंगलेला माणूस रंगवून लोकांना घाबरवलं असेल तर त्याने लपवाछपवी वाढू शकते. पुन्हा करायचंच असेल तर केशरी लघवी, वाढलेल्या गोळ्या आणि गावी जाताना करायच्या कामांवर करा.

आता विचारायचं कसं. औषध सोडलेल्या माणसाला ‘का सोडलं’ असं थेट विचारलं तर तो तुम्हाला आवडेल ते उत्तर देईल, बहुधा ‘चूक झाली’ असंच. आर्थर क्लाइनमन या डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात काही साधे प्रश्न सुचवले, ते इथल्या बोलीत असे विचारता येतात: तुम्ही या दुखण्याला काय म्हणता? ते तेव्हाच का सुरू झालं असं वाटतं? त्याने घरात काय अडलं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? शेवटच्या प्रश्नाला ‘मरणाची’ असं उत्तर क्वचितच मिळतं. कर्ज, बायको सोडून जाईल, ठेकेदार परत घेणार नाही, अशी उत्तरं येतात आणि तिथेच पुढचं काम सापडतं.

त्यानंतर एक आडवी रेघ काढा. तारखा विचारू नका, ‘राखीच्या आधी की नंतर’, ‘मक्का कापला तेव्हा’ असं विचारा. रेघेच्या वर तो कुणाकडे गेला ते लिहा: मेडिकल स्टोअर, झोलाछाप म्हणजे पदवी नसलेला डॉक्टर, बडवा, मोठा दवाखाना. खाली त्या दिवशी गेलेले पैसे आणि बुडालेली मजुरी. जिथे रेघ थांबते तिथे नेमकं काय झालं एवढंच खोदून विचारा. भिली किंवा निमाडी बोलणारं कुणी सोबत असू द्या, वेळ कामावरून परतल्यानंतरची ठेवा, सासू किंवा मुकादम समोर नसावा. नावं वहीत लिहू नका, खुणेचा क्रमांक चालतो. माणसाने नाही म्हटलं तर तिथेच थांबा. औषध मिळणं तुमच्याशी बोलण्यावर अवलंबून नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागात नक्की विचारा: ‘आधी कधी गुजरातेत पत्थराच्या कारखान्यात काम केलंय का?’ झाबुआ, अलीराजपूर, धारचे पुष्कळ मजूर गोध्रा आणि बालासिनोरच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जात. ती बारीक धूळ फुफ्फुसात बसून सिलिकोसिस होतो. हे प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१६ मध्ये मृतांच्या वारसांना भरपाई देण्याचा आदेश झाला. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. उलटही घडतं: एक्स-रेवरच्या सिलिकोसिसच्या डागांना टीबी समजून पुन्हा पुन्हा टीबीचं औषध दिलं जातं, दम कमी होत नाही आणि ‘याने औषध नीट घेतलं नाही’ असा शेरा पडतो. उत्तर हो आलं तर कामाचं ठिकाण आणि वर्षं लिहून तो कागद डॉक्टरपुढे ठेवा. भरपाईसाठीही तोच कागद लागतो.

सुरुवात पाच जणांपासून करा: औषध सोडलेले तीन आणि पुरं केलेले दोन. पुरं केलेल्यांना वगळू नका, त्यांच्या घरात काय वेगळं होतं हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. पाच रेघा शेजारी ठेवल्या की एखादी जागा पुन्हा पुन्हा दिसेल. पहिले तीन महिने फक्त तिच्यावरच काम करा. फेऱ्या असतील तर फेऱ्यांवर, बँक खातं असेल तर खात्यावर. त्या रेघा नावं काढून इथे टाकल्या तर पुढचं बोलता येईल.